कापता न येणारा फोटो

ओबुराच्या संगणकात चौदा हजार सहाशे फोटो होते आणि त्यांत माणूस औषधालाही नव्हता. विमानं होती, पाणपक्षी होते, पाणघोडे होते, किसुमू शहराच्या आसपासचे खडक आणि बंदरात गंजत पडलेली जुनी बोट होती. एखाद्या फोटोत कडेला कुणाचा कान किंवा कोपर आलंच, तर घरी येऊन तो ते निगुतीनं काढून टाकायचा. माणसांचे फोटो का काढत नाहीस, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "विमानाला काका नसतो." लोक हसायचे. तो हसायचा नाही, कारण त्याला काका होता.

झब्लोनकाका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. चर्चमधले मानकरी आणि घराण्यातल्या यच्चयावत अंत्यविधी समित्यांचे तहहयात अध्यक्ष. कुणी आजारी पडलं की डॉक्टरच्या आधी काका येऊन अंगण पाहून जायचे, मांडव कुठे बसेल म्हणून.

अकरा वर्षांपूर्वी ओबुराचे वडील गेले, तेव्हा अंत्यविधीत वाटायच्या छापील पत्रिकेसाठी घरात एकच धड फोटो सापडला. वडील खुर्चीत बसलेले, एका बाजूला थोरली बायको, दुसऱ्या बाजूला धाकटी. धाकटी म्हणजे ओबुराची आई. काकांनी फोटो लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "बिशप येणार आहेत. चर्चच्या वहीत एका नवऱ्याला एकच बायको आहे. तुला कळतं त्यातलं. जरा नीट कर."

ओबुरानं नीट केला. अर्धं मिनिटही लागलं नाही. विमानामागचा विजेचा खांब काढायला याहून जास्त वेळ लागतो.

आईला वाचता येत नव्हतं, पण फोटो बघता येत होता. तिनं पत्रिकेची चौघडी केली, झग्याच्या आत ठेवली आणि चारशे माणसांना चहा दिला. त्यानंतर अकरा वर्षांत त्या विषयावर ती एक अक्षर बोलली नाही. कापलं कुणी हे तिला ठाऊक नसावं, असं ओबुरा स्वतःला सांगत असे. घराण्यात संगणक असलेला माणूस एकच होता.

या जानेवारीत आईच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "आता त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या." जिला पाण्याचा घोट उतरत नाही तिच्यासाठी हा सल्ला चांगलाच होता. ओबुरानं तिला गावाहून शहरात आपल्या घरी आणलं. बायको नाकुरूला नोकरीला, महिन्यातून एकदा येणारी. पाणीपुरवठा कार्यालयातली कारकुनी सांभाळून तोच पातळ पेज करायचा. आई तीन चमचे घ्यायची आणि पोट भरलं म्हणायची.

शनिवारी त्यानं कॅमेऱ्याची पिशवी उचलली, तर आई दारातच बसलेली. निळा झगा, डोक्याला चर्चचा रुमाल.

"कुठे निघालीस?"

"तुझ्याबरोबर. विमानांना."

"आई, तिथे ऊन असतं. बसायला जागा नाही."

"मग स्टूल घे. माझा फोटो काढायचाय."

"इथेच काढतो की."

"इथे? भिंतीला टेकवून? शेजारच्या न्यार-कानोच्या पत्रिकेत तिचा ओळखपत्रावरचा फोटो लावला होता. बाई मेली की पोलिसांनी धरली, काही कळत नव्हतं."

आजारपण सुरू झाल्यापासून त्या घरात पत्रिका हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला. ओबुरानं स्टूल घेतलं.

विमानतळाच्या कुंपणाशी पहारेकरी ओळखीचा होता. "आज आईंना आणलंत? त्यांनाही उडवताय का काय?"

"थांब रे थोडे दिवस," आई म्हणाली. "मी बिनतिकिटाची जाणार आहे."

पहारेकऱ्याला हसावं की टोपी काढावी कळेना. त्यानं दोन्ही अर्धं अर्धं केलं.

ओबुरानं आईला बाभळीच्या सावलीत बसवलं आणि फोटो काढला. गेली एकोणीस वर्षं तो ताशी दोनशे किलोमीटरनं येणारी वस्तू अचूक टिपत होता, पण स्टुलावर बसलेली आई पहिल्यांदा धूसर आली. दुसऱ्या वेळी बरा आला. आईनं कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत बराच वेळ पाहिलं.

"ही कोण म्हातारी?"

"तू."

"एवढी?" मग तिनं नखानं त्या काचेवर वरून खाली एक रेघ ओढली, बरोबर आपल्या खांद्याला लागून. "इथून कापता येतो का हा?"

ओबुराला तिच्याकडे बघवेना. तो धावपट्टीकडे बघत म्हणाला, "कुठलाही फोटो कापता येतो, आई."

"मग हा नको."

ती रागावली नव्हती. बाजारात टोमॅटो दाबून बघावा आणि परत ठेवावा, तसं म्हणाली. तीन वाजून दहा मिनिटांनी नैरोबीचं विमान आलं. त्यानं सवयीनं कॅमेरा उचलला, पण त्या फोटोत नुसतं आकाश आलं.

पुढच्या शनिवारी तो तिला सरोवराकाठच्या डुंगाच्या दलदलीत घेऊन गेला. नावाडी गप्पिष्ट होता. पाण्यात हात सोडून बसायला आईला आवडलं. लव्हाळ्यावर खंड्या बसला होता आणि तो सोडून आईचा फोटो घेताना ओबुराला थोडं जड गेलं, हेही खरंच.

"हा येतो कापता?"

"येतो."

"मग इतकी वर्षं शिकलास काय तू?"

नावाडी म्हणाला, "माझा काढा साहेब, मला कापायला कुणी येत नाही."

ओबुरा हट्टाला पेटला. काठावर उतरून त्यानं नाव लांब न्यायला लावली आणि अख्ख्या सरोवरात आई एवढीशी दिसेल असा फोटो काढला. चहूबाजूंनी पाणी. नाव परत आल्यावर त्यानं तो आईला दाखवला. "बघ, हा कापायचा तर कुठून कापणार?"

आईनं डोळे बारीक केले. "हा कापायलाच नको. मी दिसतच नाहीये. खंड्याचा काढायचास की, तो तरी दिसला असता."

आता ती दोनच चमचे पेज घेत होती. आवाज बसला होता. ओबुरानं काकुळतीला येऊन विचारलं, "किट मिकायीला जायचं का? खडक मोठा आहे, उजेड छान पडतो." बोलून गेल्यावर त्याला खडकाचं नाव आठवलं. थोरल्या बायकोचा दगड.

आईला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला आणि खोकला थांबायला बराच वेळ लागला. "बेचाळीस वर्षं थोरलीच्या दारावरून पाणी वाहिलं. आता तिच्या दगडाखाली जाऊन उभी राहू? तिचं माहेरही तिकडचंच ना, सेमेचं? म्हणजे तिथेही तीच मालकीण." ओबुरा पेजेची वाटी धुवायला उठला, तेव्हा ती म्हणाली, "तिला बरोबर घे."

थोरलीला सगळे माहेरावरून न्यार-सेमे, म्हणजे सेमेची लेक, म्हणत, तसंच आईला न्यार-अलेगो. दोघींची खरी नावं घरात कुणाच्या लक्षात होती की नाही, शंकाच होती. न्यार-सेमेचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेले होते. ओबुरा गावाहून तिला घेऊन आला, तेव्हा तिनं गाडीत चाचपडत सवतीचं मनगट शोधलं आणि धरून पाहिलं.

"बाई ग, काठी झालीस."

"तुला कसं दिसलं?"

"दिसायला कशाला हवं? माझ्या हातातली काठी याहून जाड आहे."

खडकापाशी वारा होता. आईनं सगळी मांडणी स्वतः केली. न्यार-सेमेला एका बुटक्या दगडावर बसवलं आणि स्वतः खाली जमिनीवर, तिच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये, पाठ टेकून बसली.

"हे काय करतेस?"

"वेणीला बसल्यासारखी बसलेय. लग्न होऊन आले, तेव्हा पहिल्या दिवशी तूच वेण्या घातल्या होत्यास. डोळ्यांतून पाणी काढलंस."

"मुद्दामच ओढत होते," न्यार-सेमे म्हणाली.

"माहीत होतं मला."

आईनं तिचे दोन्ही हात आपल्या खांद्यांवरून पुढे ओढले, छातीवर आणले आणि त्यांत आपल्या हाताची बोटं अडकवली. चार सुरकुतलेल्या हातांची अशी गाठ झाली की कुठलं बोट कुणाचं हे त्या दोघींनाच ठाऊक.

"मला दिसत नाही, तुला गिळता येत नाही," न्यार-सेमे कुरकुरली. "आपला फोटो काढून बघणार कोण?"

"तू गप बस ग. ओबुरा, आता कापून दाखव."

ओबुरानं कॅमेऱ्यातून पाहिलं. डावीकडून रेघ धरली, उजवीकडून धरली, आडवीसुद्धा धरून पाहिली. कुठूनही धरली तरी एकीला सोडवायचं तर दुसरीचे हात तोडावे लागत होते.

"नाही येणार, आई."

"मग घे."

त्यानं एकच घेतला.

आई एप्रिलच्या शेवटी गेली. काकांनी गावचं अंगण आधीच पाहून ठेवलेलं असल्यामुळे मांडव तासाभरात उभा राहिला. समितीच्या बैठकीत ओबुरानं फोटो पुढे केला. काकांनी चष्मा लावला.

"वा. भावपूर्ण आहे. पण मयत कोण ते कळत नाही. शिवाय जिवंत बाई मयताच्या पत्रिकेवर बरी नव्हे. आणि बिशप विचारणार, या दोघी एकमेकींच्या कोण? आपण खाली नुसतं 'प्रिय माता' लिहू. थोरलीला तेवढी काढ."

"काढता येत नाही, काका. हात बघा."

"तुला येत नसेल. छापखान्यात सांग."

त्यावर समिती पुढच्या विषयाकडे वळली, म्हणजे बिशपांच्या जेवणाकडे.

छापखान्यातल्या संगणकावर लिनेट नावाची मुलगी बसली होती. तिनं फोटो पडद्यावर घेतला. काकांचा फोन तिला आधीच येऊन गेला होता. "ही मागची आजी काढायची ना? दोन मिनिटं."

"हात अडकलेत."

"असू देत. आता पुसता येतं."

तिनं बोटानं न्यार-सेमेभोवती एक वर्तुळ काढलं. पडद्यावर एक चक्र फिरलं आणि म्हातारी गेली. तिच्या जागी खडक आपोआप वाढला. छातीवरचे हात गेले आणि तिथे झग्याची तीन बटणं आली. आईच्या झग्याला बटणं नव्हतीच. ती यंत्रानं आपल्या मनानं लावली होती. आई एकटी बसली होती, शांत, जशी काही जन्मभर तिच्या पाठीशी कुणी नव्हतंच. कुठे काही कापल्याची खूण नव्हती.

आईनं बिचारीनं सगळा विचार कात्रीचा केला होता.

"छान दिसतायत ना एकट्या?" लिनेटनं विचारलं. "छापू?"

ओबुरा पडद्याकडे पाहत राहिला. चौदा हजार सहाशे फोटोंमधून त्यानं स्वतः किती कान आणि कोपरं काढली होती, त्याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. प्रत्येक वेळी फोटो असाच स्वच्छ झाला होता. त्याचा फोन वाजला. काका होते.

"झालं का?"

"काका, थोरल्या आईला काढता येतं. बघितलं मी आत्ता."

"मी म्हटलं नव्हतं?"

"पण काढत नाही."

पलीकडे मांडवात भांडी वाजत होती. काका कडेला गेले असावेत, आवाज खाली आला. "बिशप आले नाहीत तर?"

"नाही येणार मग."

"अरे, तुझ्या आईला प्रार्थनेशिवाय पुरणार का? अकरा वर्षांपूर्वी कसा शहाण्यासारखा वागला होतास!"

"हो," ओबुरा म्हणाला. "मीच कापला होता तो."

हे काकांना माहीत होतं. त्यांनीच तर सांगितलं होतं. पण ओबुरानं ते वाक्य आजवर मोठ्यानं म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर त्यानं फोन ठेवला. लिनेटनं स्टूल सरकवलं आणि न विचारता पहिला फोटो परत आणला.

"खाली काय लिहू? 'प्रिय माता'?"

"लिहा, न्यार-अलेगो. आणि त्याखाली वडिलांचं नाव, यांची धाकटी पत्नी."

"असं लिहितात?"

"लिहा."

बिशप आले. त्यांनी पत्रिका हातात घेतली, प्रार्थनेला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ पाहिली, बायबलात ठेवली आणि प्रवचन निम्म्यावर आटोपलं. ते रागानं की उन्हामुळे, यावर घराण्यात पुढे बरेच दिवस वाद होता. काका दिवसभर ओबुराशी बोलले नाहीत. दुःखाच्या घरात एवढी शांतता क्वचितच मिळते.

माती पडल्यावर ओबुरा न्यार-सेमेच्या शेजारी जाऊन बसला. तिच्या मांडीवर कुणीतरी पत्रिका ठेवून गेलं होतं.

"कागद वाटलेत म्हणे. मी आहे का रे त्यात?"

"आहेस."

"सगळी?"

"सगळी."

"आणि ती?"

"ती पुढे बसलीय. तुझे हात तिच्या हातांत आहेत."

"पुढे बसणारच ती. कायम पुढे पुढे." न्यार-सेमेनं मान हलवली. मग पत्रिका उचलून तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरली, लोकांना दिसावी अशी. ती उलटी होती. ओबुरानं सरळ करून दिली.