खालच्या आळीची गुहा

माझा निळा स्वेटर दोरीवरून नाहीसा झाला, तेव्हा मी वाऱ्याला दोष दिला. आमच्या बेटावरच्या नाहा शहरात नोव्हेंबरचा वारा असा सुटतो की एकदा आमची चादर उडून शेजारच्यांच्या छपरावरच्या राखणदार मातीच्या सिंहाला गुंडाळली गेली होती. स्वेटर जुना होता, कोपरावर विरलेला होता, पण माझा आवडता होता. मी गल्लीत दोन-चार ठिकाणी विचारलं आणि सोडून दिलं. त्या आठवड्यात माझी थोरली बहीण कामादोताई माझ्याकडे राहायला आली होती, पण तिच्यावर संशय घ्यायचं काही कारणच नव्हतं. तिला निळा रंग आवडायचा नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, "चिरू, गुहेत पडलेला मबुई आणायचाय. मी मरायच्या आत."

माणूस फार दचकला की त्याचा मबुई, म्हणजे त्याच्या आतला जीव, तिथेच गळून पडतो आणि माणूस पोकळ होऊन घरी येतो. मग घरातलं मोठं माणूस त्या जागी जातं, दचकलेल्याच्या अंगावरच्या कपड्यात तिथले तीन खडे घेतं आणि हाका मारून जीव परत आणतं. मूल झाडावरून पडलं तरी आमच्याकडे हे करतात. पण पंचेचाळीस सालच्या लढाईत अख्ख्या बेटाचेच जीव जागोजागी पडले होते. कोण कोणासाठी जाणार? आम्ही दोघी दोन महिने गुहेत होतो. आई पाणी आणायला बाहेर गेली ती परत आली नाही. मी सहा वर्षांची होते, ताई तेरा. नंतर मावशीने आम्हाला नाहात वाढवलं आणि गावाकडे आम्ही परत गेलोच नाही. घर नव्हतं, मग जायचं कुठे?

अडुसष्ट वर्षांनी ताईला तिचा मबुई हवासा झाला होता. गेल्या वर्षभरात ती बरीच वाळली होती, जिन्यात दोनदा थांबायची. मला वाटलं, पोकळ अंगाने पूर्वजांकडे जायची तिला भीती वाटते आहे. अडचण एकच होती. हाक थोरल्याने धाकट्याला मारायची असते. ताईच्या वर आता घरात कोणी उरलं नव्हतं. म्हणजे हाक मलाच मारावी लागणार, आणि धाकटीची हाक पोचते का, हे मला माहीत नव्हतं.

"तुझा एखादा नेहमीचा कपडा लागेल," मी म्हणाले.

"कपडा घेतलाय," ताई म्हणाली आणि गाठोड्यावर हात ठेवला. मी अधिक विचारलं नाही.

गावाकडचे रस्ते सगळे बदललेले. म्हणून मी त्सुतोमुला बोलावलं. हा माझ्या नवऱ्याच्या मित्राचा मुलगा, साठीचा. आधी टॅक्सी चालवायचा, मग रणभूमी दाखवणारा वाटाड्या झाला. जपानच्या मोठ्या बेटांवरून शाळेच्या सहली येतात, अमेरिकेहून म्हातारे सैनिक आणि त्यांची नातवंडं येतात, त्यांना तो आपल्या गाडीतून बेटभर फिरवायचा. गुहा दाखवायला याच्यापेक्षा चांगला माणूस कोण मिळणार?

गाडीत बसल्यावर कळलं की त्याने तोंड उत्तरेकडे वळवलं आहे.

"अरे, गाव दक्षिणेला," ताई म्हणाली.

"मावशी, सुरुवात काकाझूच्या टेकडीपासून. लढाई उत्तरेकडून दक्षिणेकडे आली. मी मधूनच सुरू केलं तर माझं सगळं विसरायला होतं."

"लढाईला घाई नसेल. मला आहे. माझं वय एक्क्याऐंशी."

"तासाभरात उरकतो ना!"

टेकडीवर पोचल्यावर त्याने टोपी सरळ केली, घसा खाकरला आणि त्याचा आवाजच बदलला. "मंडळी! आपण आता ज्या टेकडीवर उभे आहोत..."

"मंडळी कोण? आम्ही दोघीच आहोत."

"मंडळी म्हटल्याशिवाय पुढचं येत नाही हो मावशी. तर मंडळी, या उतारावर पंधरा-सोळा दिवस घनघोर लढाई झाली. समोरून रणगाडे, आणि या बाजूला..."

"त्या बाजूला आत्याची रताळी होती," ताई म्हणाली. "आत्या इथं दिली होती. चिरू, तुला आठवत नसेल, तू दुपट्यात होतीस. आत्याची सासू इतकी चिकट की आम्ही पाहुणे आलो की बारीक रताळी उकडायची आणि मोठी डुकराला घालायची."

त्सुतोमुचे हात रणगाड्यांच्या दिशेला तसेच राहिले. मग त्याने खिशातून वही काढली. "सासूचं नाव काय होतं, मावशी?"

"तुला कशाला?"

"सांगीन की लोकांना. इतकी वर्षं इथं उभा राहतोय, पण इथं काय पिकायचं ते कोणी सांगितलं नव्हतं."

ताईने त्याच्याकडे जरा नीट पाहिलं. मला वाटतं, तिथपासून तिला तो आवडायला लागला. पुढच्या थांब्यावर, माएदाच्या कड्यापाशी, तिने त्याला गुळाचा खडा दिला आणि स्वतःहून म्हणाली, "हं, सांग तुझं मंडळी."

दुपारी आम्ही आमच्या गावच्या गुहेपाशी पोचलो. तोंडाशी लोखंडी कठडा, दगडी पाटी, पायऱ्या, गाड्यांसाठी जागासुद्धा. आत गेल्यावर त्सुतोमुने बॅटरी वर धरली. "मंडळी, या गुहेत खालच्या आळीचे लोक दोन महिने लपून होते. तो काळोख कसा होता हे कळावं म्हणून आता मी एक मिनिट दिवा..."

"विझवलास तर बघ!" ताईचा आवाज गुहेत घुमला. "हिला अंधार चालत नाही."

ते खरं होतं. मी आयुष्यभर दिवा लावूनच झोपले. माझा नवरा बिचारा चाळीस वर्षं डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपला आणि माझ्या माहेरच्यांना काही विचारायचं असलं की हेच विचारायचा, "हिला लहानपणी कोणी शिकवलं नाही का, वीज विकत येते म्हणून?"

ताई भिंतीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "ही ती नव्हे."

"काय नव्हे?"

"ही वरच्या आळीची. शिक्षकांची, दुकानवाल्यांची. आम्हाला इथं घेतलं नव्हतं, जागा नाही म्हणून. आमची बारकी होती. वाकून जावं लागायचं. वर कासवाच्या पाठीसारखं थडगं होतं आणि समोर झरा."

त्सुतोमु पायरीवर बसलाच. "सोळा वर्षं, मावशी. सोळा वर्षं मी इथं उभा राहून खालची आळी म्हणतोय. शाळेच्या पोरांनी वहीत लिहून घेतलंय."

"मग आता खोडायला सांग. ऊठ. काठी घे, उसात साप असतात."

ऊस डोक्याच्या वर गेला होता. त्सुतोमु पुढे काठी आपटत चालला, मागे ताई, मागे मी. उसाच्या पलीकडे अदानचं बन होतं, केवड्यासारखं काटेरी, आणि त्याच्या आत थडग्याची दगडी पाठ दिसली. शेवाळलेली, पण शाबूत. ताईने तिथे वाकून त्या घरच्या पूर्वजांना सांगितलं की आम्ही कोण, कोणाच्या मुली, आणि तुमच्या अंगणातून जातो आहोत. झरा आटला होता. गुहेचं तोंड एवढंसं, मोठ्या टोपलीएवढं. मला काही आठवेना. वास मात्र ओळखीचा वाटला. ओल्या चुन्याचा.

त्सुतोमुने आत बॅटरी ठेवली, आम्हा दोघींना हात धरून आत घेतलं आणि स्वतः तोंडाशी बसून राहिला. आत ताठ उभं राहता येत नव्हतं. ताईने काळी चपटी उदबत्ती मांडली, भाताचा गोळा, मीठ, दारूचा छोटा पेला. मग गाठोड्याची गाठ सोडली.

आत माझा निळा स्वेटर होता.

"ताई, हा माझा आहे."

"मग कोणाचा असणार?"

"अगं, तुझा कपडा हवा. तुझा मबुई आणायचाय ना?"

"माझा?" ताई म्हणाली. "माझा कुठे पडलाय? माझा मी घट्ट धरून ठेवला होता. तुझा आणायचाय, वेडे."

ती गुडघ्यावर बसली होती, स्वेटर मांडीवर घेऊन. बाह्यांच्या घड्या घालत, सोडत, परत घालत.

"तू इथून बाहेर आलीस ती मुकी आलीस," ती म्हणाली. "वर्षभर एक शब्द नाही. मावशी म्हणायची, बाँबने दचकली. मी पण हो म्हटलं. पण बाँबने नाही, चिरू. तू आईसाठी रडत होतीस आणि आपल्यात येऊन लपलेला तो जपानी सैनिक म्हणाला, पोर गप्प कर, नाहीतर मी करतो. मी तुझ्या तोंडावर हात ठेवला. हा. दिवसभर काढला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तू धडपडायचीस आणि मी आणखी दाबायची. एकदा तू अगदी ढिली पडलीस. तेव्हाच पडला तो. माझ्या हाताने पडला. मग हाक मारायला मी कोणत्या तोंडाने येणार? आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता म्हातारी झाले."

बाहेर त्सुतोमुने नाक ओढल्याचा आवाज आला.

मला तिला सांगायचं होतं की मला तो हात आठवतो. भीती आठवत नाही, सैनिक आठवत नाही, आईचा चेहरासुद्धा आठवत नाही. पण एक खारट हात आठवतो, त्याला कच्च्या रताळ्याचा वास होता आणि तो रात्रंदिवस तिथेच होता. तो होता म्हणजे मी एकटी नव्हते. हे मी कोणाला कधी बोलले नव्हते, कारण तो हात कोणाचा हेच मला नक्की माहीत नव्हतं. आईचा असेल असं मी धरून चालले होते.

मी तोंड उघडलं, तर ताईने बोट वर केलं. हाक चालू झाली की ज्याचा जीव आणायचा त्याने बोलायचं नसतं.

तिने जमिनीवरचे तीन खडे निवडले, स्वेटरच्या पोटात ठेवले आणि हाक मारली. खेळायला गेलेल्या मुलीला अंगणातून बोलवावं तशी. "चिरू, ये गं. संध्याकाळ झाली. भात निवतोय. घरी चल. चिरू, ये गं." तीनदा. शेवटच्या वेळी तिचा आवाज तेरा वर्षांच्या मुलीचा झाला, की मलाच तसा ऐकू आला, माहीत नाही.

मग निघायचं. मागे वळून पाहायचं नाही, आणि घरी जाऊन भात खाईपर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही. कोणी म्हणजे कोणीच. ताईने हे त्सुतोमुला आधीच बजावलं होतं, पण ते त्याला किती जड जाईल याची तिला कल्पना नसावी. नाहापर्यंतचा रस्ता त्याच्या सगळ्या रणभूमींमधून जातो. प्रत्येक वळणाला त्याचे ओठ "मंडळी"साठी मिटायचे आणि तसेच राहायचे. एका सिग्नलला त्याने चाकावरचा हात सोडून डावीकडच्या टेकडीकडे बोट केलं, मग दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली, मग डोळे मोठे केले. ताईने मागून त्याच्या खांद्यावर चापट मारली. मी स्वेटर छातीशी धरून बसले होते. खडे गार होते, मग माझ्या अंगाने कोमट झाले.

घरी आल्यावर मी स्वेटर अंगात घातला. ताईने भाताचा गोळा माझ्या हातात दिला. वरून मिसोची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, डुकराचं मांस घातलेली चटणी लावली होती, थोडी जास्तच. त्सुतोमु दारातच उभा, टोपी हातात, गाल फुगलेले. मी सगळा खाल्ला.

"आलीस का?" ताईने विचारलं.

उत्तर साधं असतं, "आले." लहान मुलंसुद्धा पटकन देतात. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, चहाच्या किटलीकडे पाहिलं. ताईचा चेहरा हळूहळू राखेसारखा व्हायला लागला. तिला वाटलं असावं, फार उशीर झाला, आता काही येत नाही.

"आले," मी म्हणाले. "आले गं ताई. तो हात तुझा होता होय? मी तर त्याच्याच जोरावर तगले."

"दहा दिवस!" दारातून त्सुतोमु ओरडला. "सिग्नलच्या डावीकडची टेकडी! दहा दिवस टिकली! मावशी, बोलू ना आता?"

"बोल बाबा, बोल," ताई म्हणाली, पण तिचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं.

माझ्या ओठाला भाताचं शीत चिकटलं होतं. ते काढायला ताईने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. तेव्हा मला उमगलं की इतक्या वर्षांत तिने माझी वेणी घातली, कपाळ चेपलं, बाळंतपणात पाठ चोळली, पण तोंडाला कधी हात लावला नव्हता. हात तसाच हवेत होता. वाळलेला, डागाळलेला, नखांत उसाच्या रानातली लाल माती.

मी मान पुढे केली.