उपवासात अडकलेल्या काड्या

नवरा बोटीवर असताना इझाबेलनं अर्धा जन्म एकटीनं संसार ओढला आणि कधी हूं की चूं केलं नाही. नवरा कायमचा घरी आला तेव्हा मात्र तिला कळून चुकलं, की संसार ओढणं परवडलं, रिकामा नवरा सांभाळणं महाकठीण.

सॅन्टन मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होता. पूर्वी वर्षाकाठी सुट्टीवर यायचा तो पाहुण्यासारखा, आणि त्याचा मानही पाहुण्यासारखाच व्हायचा. ताटात निवडक तुकडा, दुपारची झोप, संध्याकाळी ओट्यावर गप्पांना अर्धं उमेळं गाव. त्या वर्षी नाताळाच्या आधी तो आपली ट्रंक, दुखरा गुडघा आणि कंपनीचा रामराम घेऊन आला, आणि तिळगुळाच्या दिवसांपर्यंत त्याचा सगळा मान आटोपला. रोज घरात दिसणाऱ्या माणसाचा मान कोण करतो?

घरात प्रत्येक कामाला धनी होता आणि तो धनी इझाबेल होती. केळीला पाणी कधी सोडायचं, ते ती ठरवणार. पानवेलीच्या मांडवाला गडी कुठला, ते तिला ठाऊक. चूल तर तिच्या बापाचीच. सॅन्टन हौसेनं कांदा चिरायला बसला, की ती मागून म्हणायची, "एवढा जाड?" आणि सुरी त्याच्या हातातून निघून जायची. चाळीस खलाशांना भर वादळात जेवू घालणारा माणूस, पण स्वतःच्या घरात त्याला साधी फोडणी द्यायला मिळेना. मग तो ओट्यावर बसायचा आणि खाडीकडून वारा आला, की नाक वर करून हुंगायचा.

अशात एका संध्याकाळी प्लासिड आला. प्लासिड हा सॅन्टनचा चुलतभाऊ, मुंबईला फोर्टात कारकून. त्याच्या ऑफिसच्या वरच्याच मजल्यावर बोटीच्या एजंटाचं ऑफिस होतं.

"एजंट विचारत होता तुला," प्लासिड म्हणाला. "चांगला कुक गावत नाय त्यांना. गुडघ्याचं काय ते बघून घेऊ म्हनतो. येशील काय परत?"

"माझं वय झालं आता," असं म्हणून सॅन्टन हसला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो बोटीवरचे बूट पुढ्यात घेऊन पॉलिश करत बसलेला इझाबेलला दिसला.

त्यानं जाऊ नये, असं तिला वाटत होतं. अगदी आतून वाटत होतं. सुरी हिसकावून घेतली तरी घरात सुरी हिसकावून घ्यायला कोणीतरी होतं, हे तिला आवडू लागलं होतं. पण इतकी वर्षं 'जा' म्हणताना जिनं डोळ्यातून टिपूस काढलं नाही, तिची जीभ 'राहा' म्हणायला वळेना.

आणि मग त्या काड्यांचं खूळ निघालं.

सॅन्टनच्या बोटीवर एकदा एक पोलिश स्वयंपाकी होता. तो डुकराच्या मांसाच्या करंगळीएवढ्या बारीक, हातभर लांब काड्या करायचा आणि त्या धुरावर सुकवायचा. खलाशी त्या खिशात घालून फिरत आणि ड्युटीवर चघळत बसत. सॅन्टननं ते काम त्याच्याशेजारी उभं राहून पाहिलं होतं, आणि पाहिलेलं काम त्याचे हात विसरत नसत.

"मना परड्यातली ती विहिरीकडची जागा दे," तो इझाबेलला म्हणाला. "नि एक पत्र्याचं पिंप."

एरवी तिनं दहा प्रश्न विचारले असते. या वेळी तिनं एकही विचारला नाही. हात गुंतले तर मनही गुंतेल, एवढाच तिचा हिशोब.

पिंपाचा तळ काढून सॅन्टननं ते विटांवर उभं केलं. थोड्या अंतरावर खड्डा खणला, खड्ड्यापासून पिंपापर्यंत मातीनं लिंपलेली नळी नेली, म्हणजे आग राहील खड्ड्यात आणि पिंपात येईल नुसता गार धूर. मांस त्यानं स्वतः जाऊन, कापणाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून आणलं. ते भरायला लागणारी बकऱ्याची बारीक आतडी मात्र इझाबेलनं धुतली. मीठ, लिंबू, पाणी, पुन्हा मीठ, मग उलटी करून परत तेच. असल्या कामाला सॅन्टनचा गुडघा बसेना, म्हणून ती बसली आणि बसल्यावर उठलीच नाही.

मांस बारीक तोडून त्यानं मीठ, मांस टिकावं म्हणून चिमूटभर सोरा, मिरी आणि भरपूर लसूण लावली. इझाबेल मसाल्याची बाटली घेऊन तयारच होती. या बाटलीशिवाय तिच्या घरात आजवर मांसाचा तुकडा शिजला नव्हता.

"नाय," सॅन्टन म्हणाला.

"थोडा."

"कनभर पन नाय. धुराची चव मरेल."

तिनं बाटली खाली ठेवली. लग्नाच्या इतक्या वर्षांत चुलीच्या कामात तिनं नवऱ्याचं ऐकण्याची ती पहिली वेळ, आणि गंमत म्हणजे तिला त्यात काही कमीपणा वाटला नाही. मग ती नरसाळं धरून उभी राहिली, तो अंगठ्यानं मांस दाबत राहिला, आणि दोघांच्या मधून ती लांबलचक माळ परातीत उतरत राहिली. मध्येच आतडं फाटलं, की दोघं एकदमच "अरेरे" म्हणायची. शेजारची मंदा कुंपणावरून बघत होती. "काय गो, नवराबायको मिळून साप पाळताय काय?" तिनं विचारलं, आणि इझाबेल इतकी हसली, की नरसाळं कलंडलं.

आंब्याचं वाळकं लाकूड आणि नारळाची सोडणं पेटली. काड्या पिंपात बांबूवर टांगल्या गेल्या. दिवसभर मंद धूर द्यायचा, रात्री झाकून ठेवायचं, सकाळी पुन्हा धूर. सॅन्टन पिंपापाशी स्टूल टाकून बसला. विस्तव भडकला की राख टाकायची, विझू लागला की फुंकायचं, आणि वारा फिरला की पत्रा आडवा धरायचा. ओट्यावरचा तो उदास बाप्या गेला आणि त्याच्या जागी डोळे लाल झालेला, धुरकट वासाचा, भलताच खूश माणूस आला.

रविवारी मिस्साला दोघं जोडीनं गेली. प्रवचन संपल्यावर फादरांनी सूचना वाचल्या, आणि त्यातली एक ऐकून सॅन्टनचा चेहरा मिरची चावल्यासारखा झाला. येत्या बुधवारी राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस.

काड्यांना धूर पुरता मुरायला शुक्रवार उजाडणार होता.

बोटीवरच्या कॅलेंडरात बंदरं असायची, माल भरायचे दिवस असायचे, राखेचा बुधवार नसायचा. सॅन्टननं मिठाचा हिशोब केला, धुराचा केला, वाऱ्याचासुद्धा केला, पण उपवासकाळ त्याच्या डोक्यातच आला नाही. हे झालं त्याचं. पण इझाबेल? जी नाताळाचा गोठा आवरतानाच पुढच्या राखेचा दिवस सांगायची, ती कशी विसरली? तिला स्वतःलाच नवल वाटलं. मग घरी येता येता तिला उमगलं, की त्या आठवड्यात ती इतकी सुखात होती, की कॅलेंडरकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं.

आता बुधवारपासून ईस्टरपर्यंत घरात मांस बंद. फक्त शुक्रवारी पाळलं तरी चालेल, अशी सूट रोमनं केव्हाच दिली होती, पण ती इझाबेलच्या सासूनं दिली नव्हती. आणि सासू वारल्यावर तर सूट द्यायला कोणी उरलंच नाही.

म्हणजे काड्या तयार होणार आणि ईस्टरपर्यंत त्यांची चव कुणालाच कळणार नाही. मंदाच्या घरी मासळी, कोंबडी चालायची, डुक्कर नाही. एक काडी मांजरानं पळवली. दुसऱ्या दिवशी मांजर ठणठणीत दिसलं, एवढाच काय तो निकाल लागला.

उपवासकाळ सुरू झाला आणि सॅन्टनची राखण सुरू झाली. काड्या पिंपातून काढून त्यानं चुलीच्या वर टांगल्या. तो रोज त्या खालीवर करायचा, बोटानं दाबायचा, नाकाशी धरायचा, आणि कपाळाला आठ्या घालून जागच्या जागी ठेवायचा. "वास तर बरा हाय," असं तो म्हणायचा. गावात चेष्टा सुरू झाली. चर्चच्या पायऱ्यांवर लोक विचारायचे, "सॅन्टन, काड्यांचं काय?" तोही विचारणाऱ्याला काड्यांचं सविस्तर सांगायचा.

उपवासकाळ अर्ध्यावर आला, आणि प्लासिड पुन्हा आला.

"बोट लागलीय गोदीला," तो म्हणाला. "झावळ्यांच्या रविवारच्या आधी सुटनार, म्हंजे ईस्टरच्याही आठवडाभर आधी. तुझी जागा ठेवलीय. उद्यापर्यंत काय ते सांग."

सॅन्टन "बघतो," एवढंच म्हणाला. त्या संध्याकाळी तो जेवला कमी आणि ट्रंकेकडे बघत राहिला जास्त.

सकाळी तो चुलीपाशी काड्या चाचपत होता, तेव्हा इझाबेल आत आली. तिनं एक काडी ओढून काढली, मोडली आणि अर्धी त्याच्यापुढे धरली.

"घे. खाऊन बघ."

"उपास हाय, बाय."

"पाप माझ्या माथ्यावर. फादरांपुढे कुमसाराला मी जाईन, कबूल करीन सगळं. एवढे दिवस राखलीस, नि चव न घेता गेलास तर बोटीवर तुला झोप नाय लागायची."

तो तिच्याकडे बघतच राहिला. ज्या बाईनं तापात फणफणतानाही उपवासात मांसाचं पाणी घेतलं नव्हतं, ती ही.

"मना तुला या काडीवर अडकवून नाय ठेवायचं," ती म्हणाली, आणि मग जे इतके महिने जिभेवर येत नव्हतं ते एका दमात आलं. "तू जाऊ नको असं मना वाटते. लय वाटते. पन राहायचं तर माझ्यासाठी राहा. हिच्यासाठी राहनार असशील तर आत्ताच खा नि जा."

सॅन्टननं तिच्या हातातली अर्धी काडी घेतली. मोडलेलं टोक उजेडात धरून पाहिलं, हुंगलं, आणि तो तुकडा पुन्हा बांबूवर अडकवून ठेवला.

"आतून ओली हाय अजून," तो म्हणाला. "ईस्टरला खाऊ. सगळी मिळून." मग पायात चपला सरकवत म्हणाला, "प्लासिड गाडीला जायच्या आधी गाठतो त्याला. दुसरा कुक बघा म्हनावं."

तो गेल्यावर इझाबेल चुलीसमोर बसून मनसोक्त रडली आणि मग मनसोक्त चहा प्याली. पण बायकांच्या सुखात एक काटा असतोच. तो राहिला खरा, पण माझ्यासाठी की काडीसाठी? आणि काडीसाठी असेल, तर काडी खाल्ल्यावर पुढे काय? बोटी काय, मुंबईला लागतच राहतात.

ईस्टरच्या सकाळी घर भरलं. मुलगी सेलिन आणि जावई व्हिन्सेंट नायगावहून आले, प्लासिड आला. सॅन्टननं काड्या उतरवल्या, आपल्या हातानं मोडल्या आणि एकेकाला दिल्या. सगळ्यांनी एकदमच चावा घेतला.

धूर छान मुरला होता. मिरी होती, लसूण होती. आणि मीठ! जीभ आखडावी एवढं मीठ. व्हिन्सेंटनं तांब्याभर पाणी पिऊन, जावयाच्या तोंडी शोभेल असं "छान झालंय" म्हटलं. मग सगळे इझाबेलकडे बघू लागले, कारण या घरात शेवटचा शब्द तिचा.

खोटं बोलावं तर जिभेला सवय नाही. खरं बोलावं तर हा खचेल आणि उद्या ट्रंक काढेल. पण तिच्या तोंडून शेवटी खरंच बाहेर पडलं.

"मीठ चढलंय."

सॅन्टन शांतपणे चावत होता. "चढलंय," तो म्हणाला. "त्या पोलिशाचं माप थंडीतलं. आपल्या हवेत पानी लवकर उडते, मीठ तेवढंच राहते. पुढच्या खेपेला कमी घेऊ. नि आंब्याचं लाकूड कडवट वाटते, नाय? चिकूचं बघू. तुझ्या त्या मसाल्याची पन एक चिमूट घालून बघू. पावसाआधी एक खेप निघेल. त्यात नाय जमलं, तर नाताळाला जमेल."

"नाताळालाही नाय जमायचं," इझाबेल मोठ्या समाधानानं म्हणाली आणि तिनं दुसरी काडी उचलली.