मागच्या सीटवरचं वजन

रावसाहेबांनी गोणपाट अंथरलं आणि पाठीवर सरकत सरकत ते फियाटच्या मागच्या अंगाखाली शिरले. कमरेने कुरकुर केली. अडुसष्टाव्या वर्षी असले उद्योग कोण करतं? पण सगळं आयुष्य फिटर म्हणून काढलेल्या माणसाला सांगणार कोण! विश्रांतवाडीतल्या त्या बैठ्या घराच्या पोर्चमध्ये दोन महिने हेच चाललं होतं.

"आज बहुतेक होईल," ते खालून म्हणाले.

"कालही हेच म्हणाला होतात," विजयमालाबाई म्हणाल्या. "आणि ग्रीस किती फासताय? भजी तळायचीत का त्यात?"

रावसाहेबांना हसू आलं. विजयमालाबाईंना जाऊन पाच महिने झाले होते.

त्या गेल्यावर घर नुसतं खायला उठायचं. हाताला काही काम हवं म्हणून एका सकाळी त्यांनी गाडीवरचं कापड ओढलं, इंजिन उघडलं, आणि पाठीमागून आवाज आला, "नट डबीत ठेवा हो. मागच्या खेपेला चार उरले होते." हातातला पाना खाली पडला. वळून बघायची छाती झाली नाही. बॉनेट पाडलं तसा आवाज थांबला. दुसऱ्या दिवशी उघडलं, तर पुन्हा सुरू. मग मुद्दाम दोन दिवस त्यांनी गाडीला हातच लावला नाही. दोन्ही दिवस घर मुकं. गाडी उघडी असेपर्यंतच ती येते, एवढं त्यांना कळून चुकलं.

सुरुवातीला घाम फुटायचा. आताची भीती वेगळीच होती. इंजिन तयार होऊन बसलं होतं, घड्याळासारखं चालत होतं. राहिले होते फक्त मागच्या स्प्रिंगचे पाटे आणि त्यांचे चार बोल्ट. ते आवळले की या गाडीत उघडण्यासारखं काहीच उरणार नव्हतं.

शिवाय हे बोल्ट आवळताना गाडीत माणूस बसलेलं लागतं. वजनाने पाटे दबतात, आणि दबलेल्या जागीच बोल्ट आवळायचा. रिकाम्या गाडीत आवळला, तर आतलं रबरी बुश पिळवटून राहतं आणि खड्डे खाऊन फाटतं. पुण्यात खड्ड्यांना काय तोटा! म्हणून चौतीस वर्षं दर वेळी विजयमालाबाईच मागच्या सीटवर मेथी निवडत बसायच्या.

"बसले बघा," आवाज आता वरून, सीटवरून आला. दार उघडल्याचं मात्र ऐकू आलं नव्हतं. "दबली का?"

रावसाहेबांनी चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटं घातली. चार बोटं अंतर. मघाशीही चारच होतं. त्यांचा हात तिथेच राहिला.

"काका, फोनवर आहात का?" कंपाउंडवरून शेजारच्या समर्थचं डोकं वर आलं. आयटीतला मुलगा, घरूनच काम करायचा.

"नाही. गाडीत कुणी बसायला हवं होतं, तेच पुटपुटत होतो."

"मग मी बसतो ना! दिवसभर बसायचाच पगार घेतो."

नको म्हणेपर्यंत तो आत बसलासुद्धा. गाडी करकरली आणि चाराची दोन बोटं झाली. रावसाहेबांचा पाना बोल्टवरच होता. चार हिसके दिले असते, तर काम फत्ते.

"काका," समर्थ वरून म्हणाला, "ही शेजारची सीट गरम कशी? इथे ऊन तर येत नाही."

"उतर," रावसाहेब म्हणाले.

"काय झालं?"

"तुझं वजन जास्त होतंय. उतर."

"वा! ऑफिसमध्ये अपमान, इथेही अपमान," तो हसला आणि उतरून निघून गेला. गाडी सावकाश वर आली. पुन्हा चार बोटं.

"का हाकललंत त्याला? चांगला बसला होता," विजयमालाबाई म्हणाल्या. "त्याच्याने किती दबली?"

"दोन बोटं."

"आणि माझ्याने?"

रावसाहेब त्या चार बोटांकडे बघत राहिले. त्यांना रडू येत होतं. मापाच्या बाबतीत हा माणूस कारखान्यातल्या साहेबांशीही कधी खोटं बोलला नव्हता.

"दोनच," ते म्हणाले. "बरोबर दोन."

वर काहीच हललं नाही.

"अहो," ती म्हणाली, "दवाखान्यात शेवटी काट्यावर चौतीस किलो भरले होते मी. आणि तेही जिवंत असताना. दोन बोटं कसली?"

म्हणजे हिला ठाऊक होतं तर! पहिल्या दिवसापासून.

"असेच आवळले तर बुश फाटेल ना?" तिने विचारलं.

"फाटेल."

"किती दिवसांत?"

"सहा महिने. आपले रस्ते बघता चार."

"मग पुन्हा उघडावी लागेल?"

"लागेलच. सगळे पाटे खाली घ्यावे लागतील."

रावसाहेबांनी पाना पुन्हा बोल्टवर चढवला.

"मग आवळा की," ती म्हणाली. "वाट कसली बघताय?"

रावसाहेबांनी दोन्ही हातांनी पाना धरला आणि रिकाम्या गाडीचा पहिला बोल्ट अंगात होती नव्हती तेवढी ताकद लावून आवळला.