म्हातारा आडवा

“आहेर एक, आहेर दोन, आहेर तीन... अरे, या डिस्कवर चारशे बारापर्यंत सगळ्या फायली आहेरच आहेत, हरिओम! काय करून ठेवलंस हे?”

फोनवर हरिओम खूश होता. “नीटनेटकं करून ठिवलं ना, रसूलभाई. क्यामेऱ्यातून येतेत ती सी झिरो झिरो वन, सी झिरो झिरो टू, असली नावं कुणाला कळतेत? गिऱ्हाईक येतंय, म्हणतंय आमच्या मामाचा आहेर दाखवा. मंग म्या शोधू कुठं? म्हणून समद्यालाच आहेर नाव दिलं अन् नंबर टाकले.”

“आणि पंगतीचं शूटिंग?”

“त्यातच हाय.”

“लग्न लागलं ते?”

“त्यातच की. अन् जागा लई खाऊन राहिलं होतं, म्हणून कॉम्प्रेस बी करून टाकलं. जुनं उडवलं. आता कसं, दोन हार्डडिस्कचं काम अर्ध्या डिस्कमंदी बसलं बघा!”

मी फोन ठेवला. ठेवला नसता तर तोंडातून काय गेलं असतं ते मलाच माहीत, आणि समोर एक बाई बसली होती.

बाईचं नाव विशाखा. शिरूर अनंतपाळकडे आरोग्य केंद्रात नर्स आहे. सहा वर्षांपूर्वी चाकूरला तिचं लग्न झालं. शूटिंग चाकूरच्याच हरिओम फोटो स्टुडिओचं, पण हरिओमला फक्त बोलता येतं. त्या दिवशी एका कॅमेऱ्यावर मी होतो आणि नंतरचं एडिटिंगही माझंच. लातूरला गंजगोलाईच्या मागे, जिन्याखालच्या या खोलीत मी सव्वीस वर्षं लोकांची लग्नं कापतोय आणि जोडतोय. व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यापासून. पिक्चर संपल्यावर नाव येतं ते हरिओमचं, गुलाब फिरत फिरत. माझं कुठेच येत नाही. त्याचं मला काही नाही, पण निदान फायलींना तरी हात लावू नये ना माणसानं!

विशाखाचे वडील ग्यानोबा सोनकांबळे आठ दिवसांपूर्वी वारले होते. रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता आणि आज शुक्रवार. तिला वडील हलता-बोलताना हवे होते.

“फोटो एकच हाय, आधार कार्डवरचा,” ती म्हणाली. “तो मोठा करून आणला, तर आई म्हनली, हे कोन? हे तर चोर दिसून राहिलं.”

“मोबाईलमध्ये व्हिडिओ नाही?”

“माझ्या मोबाईलमध्ये समदे फोटो त्यांनीच काढलेले, चाचा. आमचे. कोपऱ्यात बोट आलेले. ते स्वतः कुठंच न्हाईत.”

“मग लग्नाच्या पिक्चरमध्ये असतील की. पिक्चर तर तुमच्याकडं आहे.”

“तीन तासाचा हाय. तीनदा बघितला. बाबा न्हाईत.”

आता मला राग आला. माझ्या पिक्चरमध्ये नवरीचा बाप नाही? मी म्हणालो, “असं होणारच नाही, ताई. मी स्वतः नाव टाकलंय, पत्रिकेत बघून. आयुष्मान ग्यानोबा सोनकांबळे, वधूपिता. निळा कोट, चष्मा.”

“ते आनंदराजकाका हैत,” विशाखा म्हणाली. “नांदेडला हापिसात हैत. त्यांच्या तोंडाखाली तुम्ही बाबाचं नाव टाकलं.”

मी माऊस हातात घेतला.

“आम्ही म्हनलं होतं, बदलून आणू. बाबाच न्हाई म्हनले. म्हनले, राहू द्या, काकाला कोट छान दिसून राहिलाय.”

आता मला ग्यानोबांना शोधणं भागच होतं. पिक्चरमध्ये नसले तरी मूळ शूटिंगमध्ये असणार. मी जुना प्रोजेक्ट उघडला आणि सगळा स्क्रीन लाल झाला. मीडिया ऑफलाइन. मीडिया ऑफलाइन. खाली पट्टीवर सातशे तुकडे आणि सगळे लाल.

विशाखा घाबरली. “उडालं का?”

तिला समजावून सांगितलं. प्रोजेक्टमध्ये चित्रं नसतात, चित्रांचे पत्ते असतात. कोणती फाईल, कुठून, किती सेकंद. त्या पत्त्यावरच्या माणसाचं घर हलवलं आणि वर नावही बदललं, तर पोस्टमन बिचारा काय करेल? नुसतं घर हललं असतं तर नाव विचारत विचारत फाईल सापडते, कॉम्प्युटर स्वतःच शोधतो. पण हरिओमनं नाव बदललं, कॉम्प्रेस करताना तारीख गेली, आणि मूळ फायली पुसून मोकळा झाला. वर नीटनेटकं म्हणतो!

तरीही मी एक करून पाहिलं. वरमाला घालतानाच्या तुकड्याला हातानं ‘आहेर शंभर’ जोडला, अंदाजानं. नवरी हार घेऊन पुढे यायच्या जागी एक पोट सुटलेले पाहुणे बुंदी खाताना दिसले. मग ‘एकशे एक’ जोडला. तेच पाहुणे, आता भात. ‘एकशे दोन’ला कोणीतरी स्टीलचा हंडा देत होतं आणि माईकवर नाव पुकारलं जात होतं.

“हे केवळाबाईचे जावई,” विशाखा म्हणाली.

“असू देत की जावई!” मी ओरडलो. मग लाज वाटली. बाईचा बाप मेलाय आणि मी तिच्यावर खेकसतोय. म्हणालो, “तुमच्यावर न्हाई, ताई. त्या हरिओम्यावर.”

“ओरडा की,” ती म्हणाली. “मला दवाखान्यात सवय हाय.”

लांबी मात्र बदलत नाही. फाईलला काहीही नाव द्या, कॉम्प्रेस करा, बेचाळीस सेकंदांचं शूटिंग बेचाळीसच राहतं. चारशे बारा फायली मी लांबीप्रमाणे लावून घेतल्या. आता प्रोजेक्टमध्ये बघायचं, हरवलेली फाईल किती सेकंदांची, आणि डिस्कवर तेवढ्याच सेकंदांच्या चार-पाच असतील त्या एकेक उघडून बघायच्या. सातशे तुकडे असे जोडायला आठवडा गेला असता. पण मला सगळं लग्न जोडायचं नव्हतं. मला पाहिजे होतं शेपूट.

शेपूट ही माझी सवय. पिक्चर संपला की मी पट्टीवर दहा मिनिटांची मोकळी जागा सोडतो आणि त्यापुढे सगळे टाकाऊ तुकडे ओळीनं ठेवतो. पुसत नाही. उद्या कोणी म्हणालं, आमची आत्या का नाही, तर शेपटातून काढून देता येते. आणि का टाकलं ते मी प्रत्येक तुकड्यावर लिहून ठेवतो. ग्यानोबा कुठे असतील तर तिथेच.

मी पट्टी सरकवत शेवटी नेली. विशाखा खुर्ची ओढून जवळ आली आणि लाल तुकड्यांवरचं मोठ्यानं वाचायला लागली.

“फोकस गेला. लाइट गेली. नवरी शिंकली. पोरगं रडलं. म्हातारा आडवा एक. म्हातारा आडवा दोन.” ती थांबली. “हे काय, चाचा?”

“ते... मध्ये कोणी आलं ना, की लिहितो तसं.”

“म्हातारा आडवा तीन. म्हातारा आडवा चार. पाच. सहा. सात.” तिनं माझ्याकडे बघितलं. “एकच म्हातारा?”

मला आठवत होता. खोटं कशाला बोलू? पांढरा शर्ट, पायजमा, खांद्यावर टॉवेल, हातात पाण्याचा जग. जिकडे कॅमेरा लावावा तिकडे हा हजर. मला वाटलं मंडपवाल्याचा माणूस आहे. दोनदा मी हरिओमला म्हणालोही होतो, त्या म्हाताऱ्याला आवर, माझं शूटिंग खराब करून राहिला.

“टॉवेल होता का खांद्यावर?” विशाखानं विचारलं.

“हाव,” मी म्हणालो.

“बाबाच मग.”

ती रडेल असं वाटलं. रडली नाही. पर्समधून पेन काढलं आणि म्हणाली, “सेकंद सांगा. मी लिहिते.”

मी सांगत गेलो, ती लिहीत गेली, मग दोघांनी शोधायला घेतलं. दुपारचे दोन वाजले, घरून डबा आला, तो तसाच राहिला. हरिओमचे तीन फोन आले, तिसऱ्यांदा उचलला तर म्हणतो, “सापडलं का? म्हनलं होतं ना, नीट लावून ठिवलंय!” मी फोन उपडा ठेवला.

पहिला म्हातारा सापडला ‘आहेर दोनशे एकोणनव्वद’मध्ये. नुसता कोपर आणि जग. दुसऱ्यात पाठ. तिसऱ्यात खाली वाकून सतरंजीची घडी सरळ करणारा कोणीतरी, डोकं फ्रेमच्या बाहेर. चौथ्यात टॉवेलचं टोक. पाचव्यात अर्धा कान आणि मागे काकांचा निळा कोट, स्वच्छ फोकसमध्ये. मी मनातल्या मनात स्वतःलाच शिव्या घालत होतो. सव्वीस वर्षांचा अनुभव, आणि नवरीच्या बापाचा कान अर्धा!

“हात बाबाचाच हाय,” विशाखा प्रत्येक वेळी म्हणायची. “शाळेत शिपाई होते ना. घंटा वाजवून वाजवून मनगट असं झालं होतं.”

सहावा मिळालाच नाही. त्या लांबीच्या सगळ्या फायली बघितल्या, एकाही फायलीत तो नव्हता. बहुतेक कॉम्प्रेस करताना हरिओमकडून गळाला असावा. सातवा एकवीस सेकंदांचा. एकवीस सेकंदांच्या फायली अकरा निघाल्या. नऊ आहेराच्या, म्हणजे खरोखरच आहेराच्या. दहावी उघडली.

नवरा-नवरी तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर हात जोडून उभे आहेत. पंख्याच्या वाऱ्यानं एक मेणबत्ती विझलेली. डावीकडून पांढरा शर्ट आत येतो, कॅमेऱ्याकडे पाठ करून मध्येच उभा राहतो आणि नवरी दिसेनाशी होते. मग आवाज येतो, अगदी माईकजवळून, खणखणीत.

“ओ म्हातारबा! सरका की बाजूला! कवापासून मधी मधी येऊन राहिले!”

माझा आवाज.

म्हातारा वळला. सरळ कॅमेऱ्यात बघितलं त्यानं. सगळा चेहरा, कपाळावरचा घाम, पुढचा पडलेला दात, सगळं दिसलं. हसला. “हाव साहेब, हाव. मेणबत्ती इझली होती. एवढी लावतो अन् सरकतो.” काडी ओढली, हाताचा आडोसा धरून वात पेटवली. जाताना नवरीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, कॅमेऱ्याला हात जोडले आणि फ्रेमच्या बाहेर गेला.

मला विशाखाकडे बघवेना. माझ्याही घरी बाप होता. त्याला कोणी असं बोललं असतं तर मी गचांडी धरली असती.

“आवाज काढून टाकतो,” मी घाईघाईनं म्हणालो. “माझा. दोन मिनिटांचं काम आहे. खाली हळू संगीत टाकू, बासरी वगैरे. मेणबत्ती लावताना स्लो करू. फार सुंदर होईल, ताई.”

“नको.”

“अहो, सगळ्या लोकांत बरं दिसेल का? तुमची आई ऐकेल.”

“चाचा, तुम्ही ओरडले म्हणून तर ते वळले,” ती म्हणाली. “न्हाईतर नुसती पाठच होती. अन् तुमचा आवाज काढला तर बाबा हाव साहेब कोणाला म्हणून राहिले? रिकामंच?” मग डोळे पुसत म्हणाली, “काहीच कापू नका. आहे तसं द्या.”

सव्वीस वर्षांत मला असं कोणी सांगितलं नव्हतं. मी काही न कापता, काही न जोडता ते एकवीस सेकंद तिला पेनड्राइव्हमध्ये भरून दिले.

“रविवारी या,” ती निघताना म्हणाली.

जायचं नव्हतं. पण हरिओमला पडदा लावता येतो आणि प्रोजेक्टर चालवता येत नाही, म्हणून जावं लागलं. चाकूरच्या विहारात शंभरेक माणूस होतं. भंतेजींची वंदना झाली, आनंदराजकाका बोलले, शाळेचे गुरुजी बोलले. मग विशाखानं मला खूण केली.

पडद्यावर नवरा-नवरी आले, पांढरा शर्ट आला, आणि माझा आवाज साऱ्या विहारात घुमला. ओ म्हातारबा, सरका की बाजूला. कोणीतरी मागे वळून बघितलं. मी प्रोजेक्टरच्या वायरीत काहीतरी बिघाड असल्यासारखा खाली वाकलो.

पुढच्या रांगेत पारूबाई बसल्या होत्या, ग्यानोबांच्या मालकीण. पडद्याकडे बघत त्या मोठ्यानं म्हणाल्या, “सरकतेत की! जरा दम धरा. मेणबत्ती लावून राहिलेत, दिसंना का?”

कोणी हसलं नाही. ग्यानोबांनी मेणबत्ती लावली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, मला हात जोडले आणि बाहेर गेले.

“पुन्हा लाव, बाबा,” पारूबाई म्हणाल्या.

मी पुन्हा लावलं. त्यांनी चार वेळा लावायला सांगितलं. चारही वेळा मी ग्यानोबांना सरका म्हणालो, आणि चारही वेळा ते हसून सरकले.