आकाशची सीडी

"फिरतीये काका, पण वाचत नाय," इंद्रजित म्हणाला. त्याने बटण दाबले, ट्रे बाहेर आला आणि चकती पुन्हा शहाजीच्या हातात पडली. "ही डीव्हीडी नाय. ब्ल्यू-रे आहे. तुमच्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह जुना, त्याचा लेझर वेगळा. हिच्यावर चित्र लय बारीक लिहिलेलं असतं. त्याला दिसतच नाय ते."

"दिसायला तर सीडीच हाय."

"दिसायला सगळ्या सारख्याच, काका."

शिरवणे गावाच्या तोंडाशी इंद्रजितचे दुकान होते. शहाजी सुट्टीच्या दिवशी कॉम्प्युटरचा डबा रिक्षात मांडीवर घेऊन आला होता. पावणे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये तो लेथ चालवायचा; सातारा सोडल्यापासून तेच काम. कॉम्प्युटर त्याच्या मुलाचा, आकाशचा. गेम खेळायला म्हणून त्याने हौसेने जोडून घेतला होता. आकाश गेल्यापासून कुणी सुरूही केला नव्हता.

आकाश जासईच्या यार्डातून कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. एकदा तिथे हिंदी पिक्चरचे शूटिंग आले. त्यांना खरेखुरे ड्रायव्हर हवे होते. घोळक्यातला आकाश दिग्दर्शकाच्या डोळ्यांत भरला आणि त्याला हिरोच्या मित्राचे काम मिळाले, बोलायच्या वाक्यांसकट. ती वाक्ये तो रात्रंदिवस घरात घोकायचा. भाकरी थापता थापता त्याची आई राहीबाई त्याला म्हणायची, "आरं, पाठ झालं रं मला बी."

शूटिंग संपले आणि थोड्याच महिन्यांत यार्डात मागे येणाऱ्या एका ट्रेलरखाली आकाश सापडला. मोबाइल त्याच्या खिशात होता. त्याचाही चुरा झाला. त्यातले बोलणे-हसणे, गाडीतून काढलेले व्हिडिओ, सगळेच गेले. घरात फक्त फोटो राहिले.

पिक्चर परदेशातल्या महोत्सवांत दाखवला म्हणे. इथे मात्र निर्मात्यांच्या भांडणात अडकला. बाहेरच्याच एका कंपनीने त्याची डिस्क काढली. शूटिंगला मदतनीस असलेली ज्ञानेश्वरी नावाची मुलगी त्यातली एक घेऊन स्वतः घरी आली. राहीबाईच्या पाया पडली. "मोबाइलवर पाठवता आला असता तर पाठवला असता, पण पिक्चरची फाइल आमच्यापैकी कुणाकडेच नाही," ती म्हणाली. "पण ही लावा. आकाश फार छान दिसलाय."

त्या दिवसापासून राहीबाईने ती बघायचा धोसरा धरला.

तिला साखरेचा आजार. उजवा डोळा आधीच गेलेला. डाव्याचा पडदा सुटायला लागलाय, ऑपरेशन लवकर करा, असे वाशीच्या डॉक्टरांनी सांगितले. नंतर कित्येक दिवस पालथे झोपायचे.

"आता दिसतंय त्येवढं तरी ऱ्हाईल का?" तिने विचारले.

"राहावं म्हणूनच करायचं, आजी. पण खात्री देता येत नाही."

बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली. "आधी आकाशला बघते," ती म्हणाली. "मग काय कापायचं ते कापू द्यात."

"येडी का काय तू? डाक्टर काय म्हनला?"

"खात्री न्हाई म्हनला."

शहाजी एक संध्याकाळ तिच्याशी भांडला आणि मग त्याने विषय सोडला. ऑपरेशन फसले आणि पोराला न बघताच डोळा गेला तर ती काय म्हणेल, याची त्याला धास्ती होती. शिवाय, इंद्रजित म्हणाला होता, आठवड्याभरात ड्राइव्ह येईल.

ड्राइव्ह आला तो बराच उशिरा. असला माल आता कुणी ठेवत नाही, बाहेरून मागवावा लागतो, असे इंद्रजितने सांगितले. नवा ड्राइव्ह चकती वाचू लागला, पण ती दाखवणारा प्रोग्राम कॉम्प्युटरातल्या जुन्या कार्डावर चालेना. दुसरे कार्ड बसवले. मग कळले, डिस्क दुसऱ्या देशासाठी काढलेली. प्रोग्रामला आपण त्याच देशात आहोत असे सांगावे लागते. इंद्रजितने तेही सांगितले. शहाजी कामावरून सुटला की रोज दुकानात येऊन उभा राहायचा. घरी पोचला की राहीबाई दारातच विचारायची, "लागली?"

"या रविवारी लागंल."

रविवारी शहाजी घरचा मॉनिटर दुकानात घेऊन आला, पण पडदा काळाच राहिला. चित्र नाही, आवाज नाही, वर फक्त इंग्रजीत एक ओळ.

"आता काय म्हनतीय?"

इंद्रजितने कपाळ चोळले. "मॉनिटर जुना आहे तुमचा, काका. चित्र कुठं चाललंय ते ही चकती आधी तपासते. समोरच्या मॉनिटरची ओळख पटली नाय तर सोडतच नाय. लोक चोरून कॉपी करतात ना, म्हणून तसं कुलूप घातलेलं असतं."

"चोरी कोन करतंय? माझाच पोरगा हाय त्यात."

इंद्रजितने चकती बाहेर काढली. मग म्हणाला, "नवीन मॉनिटर बघतो मी. माझ्या ओळखीत आहे एकाकडं. टेन्शन नका घेऊ."

त्याच आठवड्यात एका सकाळी राहीबाई तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात सुपातच थांबला.

"अवं," ती म्हणाली, "सूप दिसंना."

शहाजीने तिला तशीच उचलून रिक्षात घातले. ऑपरेशन झाले. सांगितले तेवढे दिवस ती पालथी पडून राहिली. कुरकुर केली नाही. पट्टी निघाली तेव्हा डॉक्टरांनी तिच्या डोळ्यासमोर बॅटरी धरली. उजेड कुठल्या बाजूला आहे, ते तिने दोनदा चुकीचे सांगितले. "थोडं आधी यायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. तेही हळूच, शहाजीला बाजूला घेऊन. लेथचा आवाज आयुष्यभर ऐकून शहाजीला कमी ऐकू यायचे, पण हे त्याला स्वच्छ ऐकू आले.

नंतर इंद्रजितचा फोन आला. "काका, लागली. एकदम क्लिअर."

शहाजीने फोन कानापासून खाली घेतला. राहीबाई शेजारीच भिंतीला टेकून बसली होती. "इंद्रजित का?" तिने विचारले. "आनू द्या की त्याला. बोललेलं तर ऐकू यील मला."

रविवारी दुपारी इंद्रजित सगळे घेऊन घरी आला. राहीबाईला चाचपडत पलंगाच्या कडेला येताना पाहून तो दारातच थबकला. त्याला कुणी सांगितले नव्हते. मग तो वायरी जोडू लागला.

पिक्चर सुरू झाला. यार्ड, धूळ, क्रेन. शहाजीच्या ओळखीचे सगळे. आणि मग ट्रेलरच्या केबिनमध्ये आकाश. त्याच्या हनुवटीवरचा व्रणसुद्धा दिसत होता.  शहाजीने बायकोचा हात धरला.

"आला?"

"आला."

पडद्यावर आकाशने ओठ उघडले. आवाज घोटीव होता, हिंदी सफाईदार, रेडिओवर बोलतात तशी. राहीबाई मान कलती करून ऐकत राहिली.

"ह्यो कोन बोलतोय?"

"आकाश."

"न्हाई."

"अगं, त्योच हाय. समोर दिसतोय मला."

"वाक्य त्येच हाय," राहीबाई म्हणाली. "आवाज दुसऱ्या कुनाचा तरी हाय."

शहाजीने इंद्रजितकडे पाहिले. इंद्रजित माऊसवर हात ठेवून खाली बघत होता. "डबिंग असेल, काका," तो म्हणाला. "शूटिंगला गाड्यांचा लय आवाज येतो. म्हणून नंतर स्टुडिओत बोलावून परत बोलून घेतात." तो अडखळला. "तेव्हा आकाश..."

डबिंगच्या वेळी आकाश राहिलाच नव्हता. पडद्यावर आकाश त्या परक्या आवाजात बोलतच होता, हसत होता.

  राहीबाई म्हणाली, "आवाज बंद करा त्यो."

इंद्रजितने आवाज बंद केला आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसला.

"आता तुमी सांगा," ती म्हणाली.

शहाजी पडद्याकडे वळला. "केबिनमदी बसलाय. शर्टाच्या बाह्या दुमडल्याती."

"वाळलाय का?"

"न्हाई. हाय तसाच हाय. केस वाढल्याती."

"कापत नव्हताच मेला. आता?"

"दार उघडलं. उतरतोय. ऊन लागतंय त्याला, डोळ्यांवर हात धरलाय." शहाजी पडद्यावरची नजर न काढता सांगत होता.  "आता चालतोय. हिकडंच येतोय."

राहीबाईने डोक्यावरून घसरलेला पदर नीट केला आणि ती जरा सावरून बसली.