भिंगरीची कंबर

त्या घरात काही खाली पडलं की ते संध्याकाळपर्यंत तिथेच पडून राहायचं. मग तो चमचा असो, टॉवेल असो, नाहीतर भिंगरीचा मोजा. भिंगरीचे बाबा वायरिंगची कामं उरकून घरी आले, की घरभर फिरून सगळं गोळा करायचे. "आज पीक चांगलं आलंय हं!" असं वर म्हणायचे. कारण भिंगरीची आई वाकत नसे, आणि आजी तिला वाकू देत नसे.

याची सुरुवात झाली भिंगरी तान्ही असताना. तिला टबातून उचलताना आईच्या कंबरेत अशी उसण भरली, की ती भिंतीला धरून तिथेच रडली. डॉक्टरांनी नीट तपासलं. "गंभीर काही नाही. फिजिओथेरपी घ्या आणि हलत्या राहा," ते म्हणाले. त्यातलं 'फिजिओथेरपी घ्या' एवढंच घरी पोहोचलं.

चष्म्याच्या दुकानातली नोकरी संपवून भिंगरीची आई फिजिओ मॅडमकडे जाई. पालथं झोपायचं, कंबरेवर चिकट पट्ट्या लागायच्या, यंत्र सुरू झालं की मुंग्या आल्यासारखं व्हायचं आणि दुखणं हळूहळू निवायचं. किती बरं वाटे! नवरा चिडवायचा, "आम्हाला करंट लागला की आम्ही बोंबलतो. तू वेळ ठरवून घ्यायला जातेस!"

यंत्र बंद झालं की मॅडम म्हणायच्या, "चला, आता व्यायाम."

"आज नको मॅडम, घाई आहे. मुलगी वाट बघतेय."

घरी येऊन ती जपून, लाकडासारखी ताठ, पलंगावर पडायची. सासूबाई उशी द्यायच्या. "राहू दे गं, उठू नकोस. मी आहे ना!" त्या बिचाऱ्या मायेनेच म्हणायच्या. पण भिंगरी आता चालू लागली होती. आधी ती आईपुढे येऊन हात वर करायची. मग आई खुर्चीत बसायची आणि आजी लेकीला उचलून तिच्या मांडीवर ठेवायची. हळूहळू भिंगरी शहाणी झाली. हात वर करायचे ते आजीकडे बघून, हे तिला कळलं. आईच्या काळजात काहीतरी तुटलं. माझी लेक मला विसरेल का?

आणि एके दिवशी ते घडलं. भिंगरीचा चेंडू घरंगळला. ती त्याच्यापाशी गेली, थांबली, एक हात कंबरेवर ठेवला, तोंड वाकडं केलं, "आई गं!" म्हणाली आणि आजीला हाका मारू लागली.

आईला त्या दिवशी सुट्टी होती, पण आराम कुठला! दुपारभर ती डोळ्यात तेल घालून बघत होती. चमचा पडला, "आई गं!" बाहुली पडली, "आई गं!" फोनवर शोधलं तर एकेक भयंकर रोगाचं नाव.

"आपल्या घराण्यातच आहे हो हे कंबरेचं," सासूबाई डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या. "माझी कंबर, मग तुझी, आणि आता हिची!"

सगळं कुटुंब मॅडमच्या दवाखान्यात धडकलं. मॅडमनी भिंगरीला हसवलं, पाठ तपासली, पाय हलवून पाहिले. मग एक लाल ठोकळा जमिनीवर टाकला आणि स्वतः वाकून तो सहज उचलला. परत टाकला. भिंगरीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, टुणकन उकिडवी बसली आणि ठोकळा उचलून त्यांच्या हातात दिला! परत टाकला, परत दिला. तोंडातून चकार शब्द नाही!

मॅडम खो खो हसत सुटल्या. "अहो, हिची कंबर माझ्यापेक्षा चांगली आहे! घरात काही पडलं की कंबरेवर हात कोण ठेवतं?"

सासूबाईंनी वर्गातल्या मुलीसारखं हळूच बोट वर केलं. मग सुनेने. शेवटी नवरा पुटपुटला, "कधीकधी मीही. थोडी सहानुभूती मिळते."

"झालं तर! काही पडलं की असं म्हणायचं असतं, असं वाटलं तिला. पाहुणे निघाले की टाटा करतात ना, तसं!"

भिंगरीची आई हसली आणि तिचे डोळेही भरून आले. "पण मॅडम, मला खरंच दुखतं हो."

"खरंच दुखतं. कोण नाही म्हणतंय?" मॅडम तिच्याजवळ बसल्या. "पण हे यंत्र काय करतं? बंद पडलेल्या गाडीला चार माणसं धक्का देतात, तसा धक्का देतं. दुखणं थोडा वेळ खाली बसतं. तेवढ्यात गाडी सुरू करून आपण निघायचं असतं! तुम्ही रोज धक्का घेता आणि गाडी बंद करून घरी जाता."

"आणि परत उसण भरली तर?"

"भरेलही एखादे दिवशी. मी असेन. पण न हलता बसलात तर अंग आखडतं, आखडलं की जास्त दुखतं, दुखलं की आणखी भीती. हे कुठेतरी तोडायला नको का?"

"म्हणजे मी हिला 'वाकू नकोस' म्हणायचंच नाही?" सासूबाईंनी सुनेकडे बघत विचारलं.

"म्हणा की आजी. फक्त 'हळू वाक' असं म्हणा!"

त्या दिवशी आईला यंत्र लावून झालं, पट्ट्या निघाल्या, पण घाई नव्हती, लेक समोरच होती. आई जीव मुठीत धरून हातागुडघ्यांवर आली आणि मांजरीसारखी पाठ वर-खाली करू लागली. भिंगरीला वाटलं, आपल्यासाठी बोगदाच झाला! ती खालून रांगत पलीकडे गेली, पुन्हा अलीकडे आली. आई हसता हसता व्यायाम करत राहिली. कंबर ताणली जात होती, पण मोडत नव्हती!

मग घरातल्या सतरंजीवर रोजच मैफल जमू लागली. गुडघे दुमडून कंबर उचलायची, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं. आजीही आली, बाबाही आले. एकदा दार उघडं होतं. चौघं हातागुडघ्यांवर बघून शेजारीण दारातूनच म्हणाली, "काय हरवलंय गं? मी पण येऊ का शोधायला?"

मधे एकदा दुखणं पुन्हा उसळलं. आई घाबरली, पलंगाकडे वळलीसुद्धा. मग चप्पल घालून सासूबाईंबरोबर हळूहळू कोपऱ्यापर्यंत चालून आली. पुढच्या आठवड्यात ते ओसरलं.

एका संध्याकाळी ती दुकानातून बाहेर पडली तर समोर आजी आणि भिंगरी. भिंगरी धावत आली, पण दोन पावलांवर थबकली आणि सवयीने आजीकडे बघू लागली.

आईने पिशवी खाली ठेवली. गुडघे दुमडले, कमरेतून वाकली, लेकीला अगदी छातीशी धरलं आणि उभी राहिली!

"अगं बाई, केवढी जड झालीस तू! मला कुणी सांगितलंच नाही!"

सासूबाईंच्या ओठांवर 'वाकू नकोस' आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि खाली राहिलेली पिशवी स्वतः वाकून उचलली. भिंगरी वरून जग बघत होती आणि आईच्या मानेला असा विळखा घातला होता, की सोडायचं नावच नाही.

वाचकहो, दुखणाऱ्या माणसाला आपण प्रेमाने पलंगावर बसवतो, आणि तो बसूनच राहिला की नशिबाला बोल लावतो. औषध घ्या, यंत्रही घ्या, तपासणी तर आधी करूनच घ्या. पण त्याने उसंत मिळाली की ती हालचालीला द्या. आपल्या माणसाला उशी जरूर द्यावी, पण उठण्यासाठी हातही द्यावा. घरात भीती वाढली तर मुलं भीती शिकतील. त्यांना उठणं शिकू द्या!