शेवटच्या प्रकरणातल्या खिडक्या

शिट्टी पुस्तकावर ठेवलेली होती. स्टीलची, करंगळीएवढी, तिची काळी दोरी तिच्याचभोवती नीट गुंडाळलेली – म्हणजे जाता जाता टाकलेली नव्हे, ठेवलेली. आणि टेबलावर एवढी ऐसपैस जागा असताना नेमकी त्या कादंबरीवर... सरांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. मुलगी नोकरीसाठी परगावी निघाली तेव्हा त्यांनीच तिला ही शिट्टी घेऊन दिली होती. रस्त्यात कधी एकटी सापडलीस तर जोरात वाजव, म्हणाले होते, आणि ती हसली होती – बाबा, मी काय ट्रॅफिक पोलीस आहे? पण नेली होती. इतकी वर्षं किल्ल्यांना अडकवून वागवली होती.

"ती तू ठेव बाबा," स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. "मला आता लागणार नाही."

"असू दे की तुझ्याकडे. खायला मागते का?"

"नको. उगाच पसारा."

आणि गुणगुणत ती आपल्या खोलीत गेली. मग खोकं ओढल्याचा आवाज. गेले दोन महिने ज्या पोरीनं घरात धड आवाज म्हणून केला नव्हता – नोकरी सोडून आली ती भिंतीकडे तोंड करून निजली, जेवायला हाक मारली की 'येते' म्हणायची आणि यायची नाही – ती पोरगी गुणगुणत होती. मदतीची हाक मारायची वस्तू तिनं परत केली, असं एक वाक्य डोक्यात तयार झालंसुद्धा, अगदी व्याख्यानात शोभेल असं, आणि त्या वाक्याच्या घोटीवपणाची त्यांना किळस आली.

पण करणार काय, जन्म त्यातच गेला होता. शंभरेक वर्षांपूर्वीची ती कादंबरी सर कॉलेजात शिकवत आले होते, केस काळे होते तेव्हापासून. नदीकाठच्या मोठ्या घरातली एक बाई. तिला कुणी मारत नाही, झोडत नाही, खायला-प्यायला कमी नाही. ती फक्त हळूहळू गप्प होत जाते. मग एके दिवशी अचानक हसायला-बोलायला लागते, आपल्या वस्तू घरातल्या माणसांना वाटून टाकते – कंगवा हिला, शाल तिला – आणि शेवटच्या प्रकरणात घरातल्या खिडक्या एकेक करून लावून घेते, दार मात्र सताड उघडं टाकते आणि नदीकडे चालू लागते. बस्स. याचा अर्थ काय, यावर लेखकानं एक अक्षर लिहिलेलं नाही. अर्थ सगळा सरांसारख्या मंडळींनी लिहिला – खिडक्या म्हणजे इंद्रियं, उघडं दार म्हणजे मुक्ती, नदी म्हणजे अनंत. दहा मार्कांचा प्रश्न. आणि त्यांची पोरगी, नुसती भिंगरी, एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ, लहानपणी शाळेला सुट्टी असली की त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसायची आणि हे सगळं कान टवकारून ऐकायची. घरी येऊन बाहुलीला शिकवायची. काय कौतुक वाटायचं तेव्हा... आल्यागेल्याला सांगत सुटायचे, पोरगी माझ्यावर गेलीय म्हणून.

गेल्या शनिवारी तिनं सायकल शेजारच्या मुलीला देऊन टाकली होती. मग कोट मावसबहिणीला. मग पुस्तकं खोक्यात भरून वाचनालयात. सायकल दिली तेव्हा सर गॅलरीतून बघत होते. शेजारची मुलगी सायकलवर बसून अंगणात गोल गोल फिरत होती, आणि आपली पोरगी खाली कठड्याला टेकून तिच्याकडे बघत हसत होती. आणि त्या क्षणी सरांना – हे आता आठवलं तरी अंगावर काटा येतो – भीती वाटली नव्हती. भीती नंतर आली. आधी आत काहीतरी चपखल बसलं होतं, कोड्यातला अडलेला शब्द सुटावा तसं. अरे, हे तर शेवटून दुसरं प्रकरण... किती सुंदर! बाप म्हणून नव्हे, वाचक म्हणून आनंद झाला होता. क्षणभरच. पण झाला होता.

"अहो सर," बायको दारात चपला घालत म्हणाली, "आज दुकानात माल यायचाय, मला उशीर होईल. तुम्ही लवकर या जमलं तर."

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, आणि लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात या माणसानं त्यातही प्रतीक शोधून तिला ऐकवलं होतं. तेव्हापासून ती नवऱ्याला 'सर'च म्हणते. सरांनी शिट्टी तिच्यापुढे धरली, आवाज खाली आणला.

"ही बघ. परत दिली तिनं."

"मग?"

"सायकल दिली, कोट दिला... आणि गुणगुणतेय. तुला काही वाटत नाही?"

"वाटतं ना. पोरगी माणसात आली असं वाटतं. दोन महिने तोंडात घास जात नव्हता माझ्या." मग नवऱ्याचा चेहरा बघून तिला हसू आलं. "कपाट आवरतेय हो ती. कपाट म्हणजे कपाट. त्या साखरेसारखं नका करू."

साखरेचं प्रकरण जगजाहीर होतं. चहातली साखर एकाएकी कमी झाली म्हणून सर आठवडाभर संसारातल्या ओसरत्या गोडव्याचा विचार करत सुतकी चेहऱ्यानं हिंडले होते, आणि शेवटी निघालं काय, तर त्यांच्याच रक्ताचा रिपोर्ट बायकोनं आधी वाचला होता. नातेवाईक अजून ती गोष्ट सांगून पोट धरून हसतात. आता अशा माणसानं, ज्याला सुकलेल्या कुंडीतही घराण्याचा ऱ्हास दिसतो, त्यानं उठून म्हणायचं, की मला भीती वाटते? कुणाला पटेल? त्यांचं त्यांनाच पटत नव्हतं. आणि तेच वाईट होतं. पटत नव्हतं, तरी तळहात घामानं ओले झाले होते.

सर कॉलेजात गेले. का गेले, याचं उत्तर त्यांना नंतरही देता आलं नाही. तास होता म्हणून गेले. सवयीचा बैल चालतो तसे गेले.

तास नेमका शेवटच्या प्रकरणाचा होता. मुलं माना खाली घालून उतरवून घेत होती, खिडकीशी बसलेला एकजण बिनधास्त पेंगत होता, आणि सर जावेच्या प्रसंगापर्यंत आले. कादंबरीत त्या बाईची एक जाऊ आहे. बाई खिडक्या लावत चाललेली असताना जाऊ तिथून जाते, बघते, 'वारा सुटलाय वाटतं' एवढंच म्हणते आणि आपल्या कामाला लागते. सर दरवर्षी या जावेची नक्कल करायचे – हात हलवत, ठसक्यात – आणि वर्ग हसायचा. मग ते गंभीर होऊन म्हणायचे, ही सामान्य नजर, हिला वस्तू दिसते, अर्थ दिसत नाही. आजही नक्कल केली. आजही वर्ग हसला. आणि 'सामान्य नजर' म्हणायला तोंड उघडलं ते तसंच राहिलं. जावेला दिसलंच नव्हतं बिचारीला. तिला खरंच वाटलं, वारा सुटलाय... आणि मला? मला शनिवारपासून दिसतंय. एकेक खिडकी दिसतेय. आणि मी इथे उभा राहून नकला करतोय.

"सर, हे येणार का परीक्षेत?" पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"आज एवढंच," सर म्हणाले. खडूचा हात तसाच खिशात घालून ते वर्गाबाहेर पडले. मागे आनंदाची कुजबुज झाली.

त्यांनी जिन्यातच फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. बस आली, सर चढले, उभ्यानंच पुन्हा लावला. नुसती रिंग जात होती, आणि त्या प्रत्येक रिंगेबरोबर घरातली एकेक खोली त्यांच्या डोळ्यांपुढे येत होती, सगळ्या खोल्या रिकाम्या. सिग्नलला बस थांबली तेव्हा शेजारच्या म्हातारीनं 'बसता का' म्हणून विचारलं तेही त्यांना धड कळलं नाही. बुद्धी अजून वाद घालतच होती – झोपली असेल, अंघोळीला गेली असेल, कपाट म्हणजे कपाट – पण बुद्धीचं आता कुणी ऐकत नव्हतं. देवा, मला वेडा ठरव. हसू देत सगळ्यांना. जन्मभर हसू देत. साखरेसारखंच निघू दे हे...

"हॅलो? अरे, हात भरले होते धुळीनं. किती फोन!"

सरांनी डोळे मिटले. विचार, आता विचार, असं आतून कुणीतरी ढोसत होतं.

"काही नाही... दूध आणायचंय का, विचारायला केला."

"आहे दूध," ती म्हणाली.

घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती. तिच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. कपाट उघडं, फळ्या पुसून लख्ख. ती जमिनीवर कपड्यांच्या गठ्ठ्यात बसून घड्या घालत होती. सर चौकटीशी उभे राहिले. सरळ विचारणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. आणि मग या माणसानं तेच केलं जे त्याला येत होतं. आडवळणानं, पुस्तकातून, जसं आयुष्यभर बायकोशी, भावाशी, मरणाला टेकलेल्या आपल्या वडिलांशीही बोलला होता तसं.

"आज शेवटचं प्रकरण झालं."

"झालंसुद्धा? यंदा लवकर."

"मुलं विचारत होती, ती बाई शेवटी जाते कुठे म्हणून." मुलांनी असलं काही विचारलं नव्हतं. "तू काय सांगितलं असतंस?"

ती स्वेटरची बाही सरळ करत राहिली. "मुक्त होते ती. खिडक्या म्हणजे इंद्रियं, नदी म्हणजे अनंत." मग थोडं थांबून, अगदी सहज, "किती छान समजावायचास तू, बाबा. मला तेव्हा वाटायचं, किती सोपं असेल ना. सगळ्या लावून घेतल्या की झालं. मग काही नाही."

उत्तर बिनचूक होतं. जिभेला लागलेल्या सवयीनं 'शाब्बास' हा शब्द सरांच्या ओठापर्यंत आलासुद्धा, आणि मग त्यांना चौकट धरावी लागली. हिला हे मी शिकवलं. घोटून घेतलं. आणि पुस्तकात तर सोपं असल्याचं कुठेही लिहिलेलं नाही... शेवटच्या पानावर एक परिच्छेद आहे, परीक्षेत येत नाही म्हणून सर दरवर्षी 'हे वर्णन आहे, घरी वाचा' म्हणून ओलांडून जात. बाईचे पाय गारठतात. ती काठावर थांबते. वळून घराकडे बघते, दारात कुणी दिसत नाही. थोडं पुढे जाते, पुन्हा वळून बघते. यात काय आलं प्रतीक? बाई घाबरलेली होती. कुणीतरी यावं म्हणून वाट बघत होती. एवढंच होतं ते, पांढऱ्यावर काळं, आणि सरांसारख्या सगळ्या हुशार माणसांना नदीत अनंत दिसत होता.

"मी चुकीचं शिकवलं," सर म्हणाले. "मुक्त-बिक्त काही होत नाही ती. गार पाण्यात बुडून मरते. आणि त्याआधी मागे वळून बघते, कुणी येतंय का म्हणून. कुणी येत नाही."

तिचे हात थांबले.

"तू..." आयुष्यात त्यांनी पुढचे शब्द कधी त्यांच्या खऱ्या अर्थानं वापरले नव्हते. "तू जीव द्यायचा विचार करतेयस का?"

खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. ती हसेल, सर वाट बघत राहिले, आता हसेल, म्हणेल बाबा, कपाट आवरतेय, वेडा आहेस का तू... ती हसली नाही. रागावलीही नाही. घडी घातलेला स्वेटर तिनं मांडीवर घेतला आणि त्याची घडी मोडायला लागली, आणि सरांचं मन, ते जन्माची खोड लागलेलं मन, त्यातही काहीतरी शोधायला धावलं. त्यांनी त्याला मागे ओढलं.

"आईला एवढ्यात सांगू नकोस," ती म्हणाली.

म्हणजे खरं होतं. म्हणजे शनिवारपासून, त्याच्याही आधीपासून, रोज, जेवणाच्या टेबलावर समोर बसून...

"सांगणार," सर म्हणाले. "ती आली की सांगणार. डॉक्टरांकडेही जायचं, आपण तिघांनी. पण आधी मला सांग. मी काही बोलत नाही."

तिनं कपड्यांचा गठ्ठा पायानं थोडा सरकवला. सर भिंतीला धरून खाली बसले, गुडघे कुरकुरले. ती काय सांगेल, कुठून सुरुवात करेल, त्यावर काय बोलायचं असतं, त्यांना काहीही ठाऊक नव्हतं. पुस्तकाचं पुढचं पान निदान छापलेलं तरी असतं. सकाळपासून ते नाना प्रकारे घाबरले होते, पण ते सगळं एकट्याचं घाबरणं होतं. आता त्यांनी तिच्याकडे पाहिलं, स्वेटर मुठीत धरून बसलेल्या तिच्या हातांकडे, आणि ती त्यांच्याहून जास्त घाबरलेली होती, किती दिवसांपासून कोण जाणे. त्याचा अर्थ लावावा लागला नाही. ते फक्त थोडे जवळ सरकले आणि ती बोलायची वाट बघत बसले.